सरळ डोळ्यांचा फोटो

शिंत्रे फोटो स्टुडिओतून बाहेर पडलेल्या फोटोत आजवर एकही माणूस तिरळा दिसलेला नव्हता. गडहिंग्लज तालुक्यात तिरळी माणसं नव्हती असं नाही, चांगली भरपूर होती. पण स्थळ दाखवायला फोटो काढायचा झाला, की मुलीची आई तिला घेऊन निमूटपणे शिंत्र्यांचा जिना चढायची आणि रणजितराव शिंत्रे काही न विचारता कामाला लागायचे. आधी मुलीला खुर्चीवर बसवून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या. बोलता बोलता आपण थोडं डावीकडे सरकायचं, थोडं उजवीकडे सरकायचं, आणि नजर कुठल्या बाजूला गेली की दोन्ही बुबुळं एका रेषेत येतात ते हेरायचं. मग त्या अंदाजानं खुर्ची फिरवायची, हनुवटीला दोन बोटं लावायची आणि म्हणायचं, आता त्या कॅलेंडरकडं बघ. फोटो असा यायचा की मुलीची सख्खी आत्यासुद्धा दोनदा बघायची.

संगणकावर डोळे सरळ करून देणारे फोटोवाले तोवर पैशाला पासरी झाले होते. रणजितराव त्यांना हसायचे. आपल्या फोटोत खोटं काही नाही, त्या घडीला डोळे खरोखरच सरळ असतात, असं ते अभिमानानं सांगायचे. आणि ते खरंही होतं, हीच तर पुढं सगळी अडचण झाली.

या कसबाचं मूळ त्यांच्या आईत होतं. आई जन्मापासून तिरळी. गल्लीतली पोरं तिला मागून चकणी म्हणायची, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती आली की छोटा रणजित तिच्यापासून चार हात लांब उभा राहायचा. तिचा समोरून काढलेला एकही फोटो घरात नव्हता, आणि नवरा फोटोग्राफर असून ही गत. मोठेपणी रणजितरावांना आपल्या त्या वागण्याची लाज वाटे. पण त्यातून त्यांनी धडा घेतला तो असा, की व्यंग नीट झाकलं म्हणजे कुणालाच लाजायची पाळी येत नाही.

अशा माणसाच्या हाती सरकारनं टकमक दिली.

टकमक हे लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी नाव इतकं लांबलचक होतं, की ते पाटीवर दोन ओळींत मावत नसे. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांची वर्षातून एकदा तपासणी करणारं ते यंत्र होतं, आणि त्यामागचं शास्त्र तसं समजायला सोपं होतं. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यांतल्या निम्म्या या ना त्या प्रकारे डोळ्याच्या चाकरीत असतात. एक नस बघण्याचं काम करते, काही बुबुळ फिरवतात, काही पापणी मिटतात. त्यामुळे मेंदूत काही बिनसलं, तर मुलाच्या तोंडून तक्रार यायच्या कितीतरी आधी डोळ्यात खूण उमटते. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी जी नस आहे, ती कवटीत फार लांबचा आणि अडचणीचा रस्ता काढत जाते. आत गाठ वाढू लागली, मेंदूतल्या पाण्याचा निचरा तुंबला आणि दाब वाढला, की बऱ्याचदा पहिली ओढ याच नसेला बसते. ती लुळी पडते आणि डोळा नाकाकडे सरकतो. त्याच दाबानं डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची, दृष्टीची नस जिथून निघते ती चकती सुजते. ही सूज वरून दिसत नाही. ती बघायला बाहुलीतून आत प्रकाश टाकावा लागतो.

पूर्वी या खुणा कुणाच्या लक्षात येईपर्यंत महिनेच्या महिने जायचे. टकमकचं काम चटकन व्हायचं. मूल स्टुलावर बसे, हनुवटी टेकवे, समोरच्या पडद्यावर एक चिमणी उडे. चिमणी डावीकडच्या टोकाला जाई, उजवीकडच्या टोकाला जाई, वर जाई, खाली येई, आणि दोन्ही डोळे तिच्या मागं बरोबरीनं जातात की नाही ते यंत्र मोजे. शेवटी एक मंद झोत टाकून आतल्या चकतीचं चित्र घेई. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा. नसेल तर लाल, आणि लाल दिवा लागलेल्या मुलाला लगेच कोल्हापूरच्या तज्ज्ञांकडे नंबर मिळे.

ही यंत्रं दवाखान्यांऐवजी फोटो स्टुडिओंना देण्याची कल्पना कुणा हुशार अधिकाऱ्याची होती. पोराला एका जागी बसवून समोर बघायला लावणं डॉक्टरांना कधी जमलेलं नाही, फोटोवाल्यांचं मात्र पोटच त्यावर चालतं. शिवाय आईबापांनी आपणहून यावं म्हणून तपासणीबरोबर मुलाचा एक छानसा फोटो फुकट दिला जाई. त्याच बैठकीत, त्याच कॅमेऱ्यानं काढलेला. फोटोखाली बारीक अक्षरात स्टुडिओचं नाव असे.

सरकारनं एक सोय आणखी करून ठेवली होती. काही पोरं बसतच नाहीत. त्यांच्यासाठी यंत्रावर 'चंचल' असं एक बटण होतं. ते दाबलं, की चेहरा थोडा वळलेला असला तरी यंत्र चालवून घेई. चिमणी टोकाला न जाता मधल्यामध्ये भिरभिरे, आणि शेवटचा झोत टाकलाच जात नसे. दोन्ही डोळे तेवढ्यापुरते सरळ दिसले की हिरवा दिवा, शेजारी बारीक शेरा: चंचल.

तिरळं पोर पहिल्यांदा टकमकसमोर आलं, तेव्हा त्याची आई डोळ्यांत पाणी आणून उभी होती. रणजितरावांना राहवलं नाही. त्यांनी चंचल दाबलं, स्टूल जरा फिरवलं, आणि फोटो झकास आला. आई पाया पडायची तेवढी राहिली. जन्माचं तिरळेपण म्हणजे काही रोग नव्हे, उगीच पोराला कोल्हापूरच्या खेपा कशाला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर अशी आणखी काही पोरं येऊन गेली. यंत्रात कुणी फेरफार केला तर ते ओळखण्याची तजवीज बनवणाऱ्यांनी केलेली होती. गडहिंग्लजच्या फोटोग्राफरची दोन बोटं मात्र त्यांच्या हिशेबात नव्हती.

रुंजी ही रणजितरावांची नात, मुलगी वेदिकाची मुलगी. वेदिका दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि गावातच राहायची. जावई नोकरीनिमित्त पुण्याला, शनिवार-रविवारी येणारा. रणजितरावांची बायको वारल्यापासून त्या घराचा जीव या पोरीत होता. दुसरीच्या वर्गाची तपासणी आली, तेव्हा आजोबांनी तिच्यासाठी स्टुडिओ पुसून लख्ख केला होता.

रुंजी स्टुलावर बसली, हनुवटी टेकवली आणि हलली नाही. इतकं शांत बसणारं पोर त्या महिन्यात दुसरं आलं नव्हतं. चिमणी उडाली. ती डावीकडे जाऊ लागली तशी रुंजीचा उजवा डोळा तिच्या मागं गेला आणि डावा मध्येच अडकला. चिमणी मधे आली तेव्हा तो नाकाकडे झुकलेला होता. फार नाही, पण रणजितरावांच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. त्यांना आई आठवली. आईचं नशीब दोन पिढ्या सोडून या पोरीच्या वाट्याला आलं, असं त्यांना वाटलं, आणि मग शाळा, गल्ली, पोरांच्या हाका, पुढं स्थळं, असं सगळं एका झटक्यात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. नात सात वर्षांची होती आणि आजोबा तिच्या लग्नापर्यंत पोचले होते.

त्यांनी तपासणी थांबवली आणि चंचल दाबलं. रुंजीचा चेहरा दोन बोटांनी हलकेच डावीकडे वळवला, तशी तिची नजर उजव्या बाजूला गेली आणि दोन्ही डोळे एका रेषेत आले. हिरवा दिवा लागला. फोटो सुरेख आला. वेदिकानं तो मोबाइलवर सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि जाता जाता वडिलांना विचारलं, की ही हल्ली मान वाकडी करून टीव्ही बघते, एक डोळा मधेच आत गेल्यासारखा वाटतो, तुम्हाला काही दिसलं का. रणजितराव म्हणाले, टकमकनं पास केलंय, आता तू कशाला खोट काढतेस.

वेदिकाला ते पटलं. यंत्रावर तिचा विश्वास होता आणि बापाच्या नजरेवर त्याहून जास्त.

पुढच्या काही आठवड्यांत रुंजी बदलत गेली. पेल्यात पाणी ओतायला गेली की बाहेर सांडे. चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटे. सकाळी उठली की डोकं दुखतं म्हणे, कधी उलटी होई, आणि शाळेची वेळ टळली की खेळायला लागे. गावातल्या डॉक्टरांनी पडद्यावर तिची माहिती उघडली. तिथं हिरवा दिवा होता आणि शेजारी शेरा होता. ते हसून म्हणाले, डोळे उत्तम आहेत, मूल चंचल आहे, अशा मुलांना शाळा नको असते, जरा कडक राहा. वेदिका कडक राहिली. उलटी झाली तरी तोंड धुऊन शाळेत पाठवू लागली. जेवताना, अभ्यासाला बसताना, टीव्हीपुढे, दिवसभर तिचं एकच पालुपद सुरू झालं, मान सरळ कर.

मग रुंजीचा वाढदिवस आला. घरात फोटो काढायचा म्हणून आजोबा कॅमेरा घेऊन गेले. केकसमोर रुंजी मान वळवून बसली होती. वेदिका वैतागून म्हणाली, पप्पा, आज तरी हिचा सरळ बसलेला फोटो काढा. रणजितरावांनी पुढं होऊन नातीच्या हनुवटीला बोटं लावली आणि चेहरा समोर आणला.

"नको ना, आजोबा," रुंजी म्हणाली. "सरळ केलं की तुम्ही दोन होता. मग कुठले खरे ते मला कळत नाही."

वेदिका स्वयंपाकघरात गेली होती, तिनं हे ऐकलं नाही. रणजितरावांनी ऐकलं, आणि हनुवटीवरची बोटं काढून घेतली. टकमक चालवायचं प्रशिक्षण त्यांनी कोल्हापुरात घेतलं होतं. तिथं एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. जन्मापासून तिरळ्या मुलाला दोन दिसत नाहीत. मेंदू अजून शिकत असतो, तेव्हा तो एका डोळ्याचं चित्र पुसून टाकायला शिकतो. पण सरळ असलेला डोळा अचानक तिरळा झाला, तर मेंदूला ते जमत नाही आणि एकाचे दोन दिसू लागतात. मग ते दोन जिथं जुळतात तिकडे मूल आपोआप मान वळवतं. असं मूल आलं तर एक दिवसही घालवू नका, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. रणजितरावांच्या आईला कधीही दोन दिसलं नव्हतं. रुंजीचा डोळा तिच्या पणजीकडून आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते तिला परस्पर स्टुडिओत घेऊन गेले. या वेळी स्टूल सरळ ठेवलं, चंचल दाबलं नाही. चिमणी टोकापासून टोकापर्यंत उडाली आणि शेवटी मंद झोत पडला. डाव्या डोळ्यातल्या चकतीचं चित्र पडद्यावर आलं. तिची कड कुठं संपते तेच दिसत नव्हतं, सगळं फुगून एकमेकांत मिसळलेलं. उजव्या डोळ्यातही तेच, थोडं कमी. लाल दिवा लागला.

पण दिवा नुसता लागून भागत नव्हतं. या मुलीची आधीची तपासणी हिरवी आहे, ती रद्द का करायची, असं यंत्रानं विचारलं. पुढं दोन पर्याय दिले होते. चालकाची चूक म्हटलं, तर मुलीला लगेच कोल्हापूरला नंबर मिळणार होता, आणि त्याबरोबर चालकाच्या आजवरच्या सगळ्या तपासण्या उघडल्या जाणार होत्या. यंत्रातला बिघाड म्हटलं, तर यंत्राला सील लागणार, पुण्याहून माणूस येणार, आणि तो बघून जाईपर्यंत लाल दिवा धरला जाणार नव्हता.

रणजितरावांनी बिघाड निवडलं. पडद्यावर नातीच्या डोळ्यातली सूज स्वतः बघितल्यावर निवडलं. पुढं कित्येकांनी त्यांना याचं कारण विचारलं आणि त्यांना ते देता आलं नाही. कारण साधं होतं, त्यांना लाज वाटली. तालुक्यातल्या लोकांपुढं, अधिकाऱ्यांपुढं, त्या पाया पडायला निघालेल्या आयांपुढं आपण लबाड ठरणार, ही लाज त्या घडीला नातीपेक्षा मोठी झाली. आपण मधला मार्ग काढतोय असं त्यांनी मनाला सांगितलं, आणि घरी जाऊन वेदिकाला म्हणाले, की एकदा हिला कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवून ये.

वेदिकानं विचारलं, का, काही आहे का. ते म्हणाले, तसं काही नाही, असू दे, खात्री करून घेतलेली बरी. इतक्या सौम्य आवाजात सांगितलेल्या गोष्टीसाठी कोण रजा काढणार? वेदिका म्हणाली, शनिवारी हे आले की जाऊ.

शनिवार उजाडायच्या आत रुंजी शाळेच्या जिन्यावरून पडली. तिला उचलणाऱ्या बाईंना तिनं सांगितलं, की पायऱ्या दिसतच होत्या, मग एकदम सगळं काळं झालं, आणि आता परत दिसतंय. हे आधीही होतं, असंही ती म्हणाली. खाली वाकून उठलं की होतं.

कोल्हापूरच्या इस्पितळात डॉ. किल्लेदार नावाच्या बाई होत्या. त्यांना टकमक लागली नाही. हातातला दिवा रुंजीच्या डोळ्याशी धरून त्या वाकल्या, आणि लगेच मेंदूचं चित्र काढायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत मेंदूचं चित्र हाती आलं. लहान मेंदूत गाठ होती, तिनं पाण्याची वाट अडवली होती. लगोलग शस्त्रक्रिया झाली. गाठ सगळी निघाली, आणि पुढं प्रयोगशाळेनं सांगितलं की ती परत वाढणाऱ्यातली नाही. जावई पुण्याहून धावत आला होता, तो हे ऐकून जमिनीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला.

डोळ्यांचं मात्र डॉ. किल्लेदारांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, ही सूज आठ-पंधरा दिवसांतली नाही. इतका काळ दाब सोसून डाव्या डोळ्याची नस सुकली आहे, त्या डोळ्यानं तिला उजेड-अंधार कळेल, पुढं फारसं काही नाही. उजवा बऱ्यापैकी वाचेल. आणि मग त्यांनी विचारलं, की तुमच्याकडं तर शाळेची तपासणी असते, यात हे कसं सुटलं?

वेदिकानं मोबाइल उचलला आणि तिथंच तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला फोन लावला. रणजितराव शेजारच्या बाकावर बसून ऐकत होते. यंत्र बिघडलंय, मी कळवलंय, एवढंच त्यांनी तिला इस्पितळात आल्यावर सांगितलं होतं. वेदिका म्हणत होती, की तुमचं यंत्र खोटारडं आहे. माझ्या वडिलांनी स्वतः ही तपासणी केली, त्यांच्यासारखी नजर अख्ख्या जिल्ह्यात कुणाची नाही, त्यांनी बिघाड कळवला तरी तुमचा माणूस आला नाही. पलीकडून अधिकारी सांगत होता, की माणूस सकाळीच येऊन गेला आणि यंत्र अगदी व्यवस्थित आहे. वेदिका त्याला वाटेल ते बोलली. बापाची बाजू घेऊन भांडताना तिचा आवाज चिरकत होता, आणि बाप तिच्याशेजारी खाली मान घालून बसला होता.

तिनं फोन ठेवला तेव्हा रणजितरावांनी सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग सगळं. डोळा दिसला होता. चंचल मी दाबलं. चेहरा मी वळवला. लाल दिवा बघूनही बिघाड मीच निवडलं.

वेदिकाला त्यातला एकच तुकडा समजत होता.

"ती शांत बसली होती?"

"हो."

"आणि तुम्ही चंचल दाबलं."

रणजितरावांनी मान हलवली.

"मी तिला मारलं, पप्पा," वेदिका म्हणाली. "शाळा चुकवायला नाटकं करतेस म्हणून मारलं. उलटी पुसायला लावली तिलाच. ते डॉक्टर म्हणाले चंचल आहे, आणि मला वाटलं, असेल." ती आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं वर बघितलं. "असे अजून कुणाकुणाचे फोटो काढलासा?"

"आहेत काही पोरं."

"ती कुठं आहेत आत्ता?"

"आपापल्या घरी."

"मग तुम्ही इथं काय करताय?"

त्यांना रुंजीला एकदा बघायचं होतं, पण ते मागण्याचं धाडस त्यांना झालं नाही. ते तसेच उठले आणि गडहिंग्लजच्या एसटीत बसले. वाटेत त्यांनी अधिकाऱ्याला फोन करून चालकाची चूक असल्याचं कबूल केलं. अधिकारी म्हणाला, चौकशी होईल, त्या पोरांच्या घरी रीतसर नोटिसा जातील, त्याला वेळ लागतो. रणजितरावांनी नोटिसांची वाट बघितली नाही. कुठल्या पोराचा कुठला डोळा, हे त्यांना पाठ होतं.

सगळ्यांत जवळचं घर भडगावात होतं. रेश्मा चौगुले, टकमकसमोर डोळ्यांत पाणी आणून उभी राहिलेली ती पहिली आई, आणि तिची सहा वर्षांची शिवन्या. शिवन्या अंगणात एकटीच खेळत होती. सोप्यात रेश्माची सासू लसूण सोलत बसली होती. भिंतीवर, देवांच्या तसबिरीशेजारी, शिवन्याचा फोटो चौकटीत लावलेला होता. दोन्ही डोळे सरळ, अगदी देखणा.

रेश्मा त्यांना बघून हरखली. सासूला म्हणाली, हेच ते फोटोवाले. तिनं पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. रणजितरावांनी एसटीत एक वाक्य घोळवून ठेवलं होतं. काही तांत्रिक अडचणीमुळे तपासणी पुन्हा करावी लागेल, मुलीला उद्या कोल्हापूरला घेऊन जा. ते त्यांनी नीट म्हटलं. सभ्य वाक्य होतं, त्यात कुणाचाच कमीपणा नव्हता.

रेश्माचा चेहरा उतरला. ती जवळ आली आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलली.

"पास झालीया न्हवं ती? मग आता कशाला परत लाल करून घ्यायचं? हिच्या आत्तीचं लग्न ठरतंय, घरात डोळ्याचं काय निघालं तर त्यांच्या कानावर जाणार. तुम्हीच म्हटला होतासा, कुणाला कळणार न्हाई. आमी तर तुमचं उपकार मानतो."

कुणाला कळणार नाही, हे त्यांचंच वाक्य होतं. आजवर या एका वाक्यावर त्यांनी केवढा मान मिळवला होता. त्यांनी विचारलं, की तिचा डोळा जन्मापासून असा आहे का. रेश्मा म्हणाली, नाही, आधी चांगला होता, गेल्या दिवाळीपासून आत जातोय.

रणजितराव उभे राहिले. तांत्रिक अडचण आता पुरणार नव्हती. तशा सौम्य आवाजात सांगून काय होतं ते त्यांनी स्वतःच्या घरात बघितलं होतं. त्यांनी आवाज चढवला, सासूला ऐकू जाईल इतका, आणि अंगणापलीकडच्या घरातल्या बायाही दारात आल्या तरी थांबले नाहीत.

"अडचण बिडचण काही नाही. मी लबाडी केली. तुमच्या पोरीची तपासणी मी केलीच नाही, नुसता फोटो काढला. माझ्या नातीचीही अशीच केली. स्वतःच्या नातीची. तिच्या मेंदूत गाठ होती आणि तिच्या डोळ्यात ती दिसत होती, आणि मी तिचं तोंड वळवून फोटो काढला. ती आता डाव्या डोळ्यानं आंधळी आहे. आज कळलं. तुमच्या शिवन्याला तसं काही नसेल, बहुतेक नसेलच, पण मला ठाऊक नाही, कारण मी बघितलं नाही."

शेजारची एक बाई दुसरीला कुजबुजत सांगू लागली की हे शिंत्रे फोटोवाले, आणि रणजितरावांना ते स्पष्ट ऐकू आलं. ते तिथंच उभे राहिले.

सासूनं लसणाची सुपली बाजूला सारली आणि सुनेला म्हणाली, पोरीचे कपडे भर, लग्न मोडलं तर मोडू दे. रेश्मा आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पहिल्या वेळचं पाणी नव्हतं. ती शिवन्याच्या पायात चप्पल घालायला खाली बसली. रणजितराव पुढं झाले. म्हणाले, मी येतो बरोबर, कोल्हापूरच्या डॉक्टर माझ्या ओळखीच्या आहेत, नंबर पटकन लागेल.

रेश्मानं पोरीला स्वतःकडे ओढून घेतलं.

"तुम्ही नगासा येऊ," ती म्हणाली.

मायलेकी निघून गेल्या, रणजितरावही अंगणाबाहेर आले, आणि सासूनं फाटक लावून घेतलं. दारातल्या बाया अजून तशाच उभ्या होत्या. रणजितराव त्यांच्याकडे वळले, आणि याच गावात पांडुरंग मोरबाळ्यांचं घर कुठं आहे, त्यांचा मुलगा यंदा पहिलीत आहे, असं त्यांना विचारलं.